बारा व्होल्ट आहेत, मग मोटर फिरत का नाही?

जुनी जीप सुरू होत नाही, हा प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. चालक किल्ली फिरवतो. आतून 'टक्' असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. दिवे लागतात, भोंगा वाजतो, म्हणजे बॅटरी जिवंत आहे. मग चालक खाली उतरतो, बॅटरीच्या अग्रांवर पान्याने दोन टोले मारतो, पुन्हा किल्ली फिरवतो आणि काय आश्चर्य! इंजिन घरघरत सुरू होते. पाहणाऱ्याला ही जादू वाटते. पण विचार करा. वीज दिव्यांना पुरत होती, भोंग्याला पुरत होती, मग स्टार्टरलाच का पुरली नाही? आणि दोन टोल्यांनी बॅटरीत वीज थोडीच भरली?

या प्रश्नाचे उत्तर आज आपण जीपवर न शोधता एका मोटरबोटीवर शोधणार आहोत. त्याला कारण आहे. या बोटीवर एकच यंत्रणा दोनदा बसवलेली असते, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. त्यामुळे एक बिघडली की तुलनेसाठी दुसरी शेजारीच उभी असते. प्रयोगशाळेत अशी सोय आपल्याला मुद्दाम करावी लागते.

बोटीचा 'पाय'

काही मोटरबोटींत इंजिन बोटीच्या आत, अगदी मागच्या बाजूला असते. पाण्यात फिरणारा पंखा मात्र बोटीबाहेर, मागच्या भिंतीला लटकवलेल्या एका धातूच्या पायाच्या टोकाशी असतो. या रचनेला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. स्वीडनमधील व्होल्वो पेंटा या कंपनीने १९५९ साली 'ॲक्वामॅटिक' या नावाने असे यंत्र बाजारात आणले. त्यामागची मूळ कल्पना जिम विन या अमेरिकी अभियंत्याची होती. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, अमेरिकेत 'मर्क्रूझर' हे यंत्र आले आणि पुढे तेथील सरोवरांत व किनाऱ्यांवर अशा बोटींची गर्दी झाली.

हा पाय खालीवर हलवता येतो. पाय बोटीकडे ओढून घेतला, तर बोटीची नाळ खाली दबते. थोडा बाहेर ढकलला, तर नाळ उचलली जाते, पाण्याचे घर्षण कमी होते आणि बोट हलकी धावते. पायाचा कोन असा जुळवून घेण्याला 'ट्रिम' म्हणतात. उथळ पाण्यात शिरताना किंवा बोट गाड्यावर चढवताना तोच पाय बराच वर उचलावा लागतो.

आता समजा, अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, मायामीजवळच्या बिस्केन उपसागराच्या काठी राहणाऱ्या एका गृहस्थाने पंधरा वर्षे वापरलेली, दोन स्टर्नड्राइव्हची बोट विकत घेतली. या उपसागराचा बराच भाग उथळ आहे आणि तळावर समुद्रगवताची कुरणे पसरलेली आहेत. समुद्रगाय, म्हणजे मॅनाटी, हेच गवत खाते. उथळ पाण्यात पाय वर आला नाही, तर फिरता पंखा या कुरणातून नांगरासारखा चर पाडत जातो. असा चर भरून यायला कित्येक वर्षे लागतात. पंखा तुटतो तो वेगळाच. म्हणून वर न उचलला जाणारा पाय ही साधी गैरसोय नव्हे.

आपल्या गृहस्थाला नेमकी हीच अडचण आली. डाव्या बाजूचे बटण दाबले की 'टक्' असा आवाज येई, मोटर किंचित गुणगुणे आणि पाय जागचा हलत नसे. उजवा पाय खाली जाई, पण वर येत नसे. वर येण्याचे बटण दाबले, तर साधा 'टक्' आवाजही नाही!

मोटर, पंप आणि दोन मंडले

पाय उचलण्याचे काम तेलाचा दाब करतो. बोटीच्या आत बारा व्होल्टांची एक मोटर असते. ती पंप फिरवते, पंप नळीतून तेल ढकलतो आणि तेल नळकांड्यातील दट्ट्याला रेटते. मोटर एका दिशेने फिरली की पाय वर, उलट फिरली की खाली.

अशा बऱ्याच मोटरींना तीन तारा असतात. काळी तार बॅटरीच्या ऋण अग्राकडे जाते आणि ती दोन्ही दिशांसाठी सामाईक असते. उरलेल्या दोन तारांपैकी एक वर नेणाऱ्या वेटोळ्याची आणि दुसरी खाली नेणाऱ्या वेटोळ्याची. पुष्कळ अमेरिकी बोटींवर 'वर'ची तार निळी आणि 'खाली'ची हिरवी असते.

पाय उचलताना ही मोटर कित्येक अँपिअर प्रवाह ओढते. म्हणूनच तिच्या मार्गात ११० अँपिअरचा फ्यूज बसवलेला आढळतो. एवढा प्रवाह सुकाणूजवळच्या छोट्या बटणातून नेला, तर बटण जळून जाईल. म्हणून येथे दोन मंडले केलेली असतात. बटण दाबले की बारीक तारेतून थोडासा प्रवाह पंपाजवळच्या विद्युतचुंबकात जातो. चुंबक एक जाड धातूची पट्टी ओढून दोन संपर्कांवर टेकवतो आणि मोठा प्रवाह मोटरकडे जाऊ लागतो. या उपकरणाला सोलेनॉइड किंवा रिले म्हणतात. 'टक्' हा आवाज त्या पट्टीचा. 'वर'साठी एक सोलेनॉइड आणि 'खाली'साठी दुसरा.

बिघाड सामाईक भागात की स्वतंत्र भागात?

एवढे कळल्यावर हातात पाना न घेताही बराच शोध लागतो. फक्त एक प्रश्न विचारत जायचा: जे काम होते आहे आणि जे होत नाही, त्या दोघांत सामाईक काय आहे?

उजवा पाय पाहा. तो खाली जातो. म्हणजे बॅटरी, मोठा फ्यूज, काळी तार आणि पंप हे सारे ठीक आहेत, कारण दोन्ही दिशांना ते तेच आहेत. दोष फक्त 'वर'च्या शाखेत असला पाहिजे. त्यातून 'टक्' आवाज नाही, म्हणजे सोलेनॉइडचा चुंबकच जागा होत नाही. आता 'वर'च्या शाखेत एक जादा भाग असतो: मर्यादा-खटका. बोट वेगात असताना पाय फार वर गेला, तर त्याचे आधार आणि आतील सांधे मोडतील. तसे होऊ नये म्हणून ठरावीक कोन आला की हा खटका मंडल तोडतो. बोट गाड्यावर चढवताना मात्र पाय त्याहून वर न्यावा लागतो, म्हणून त्यासाठी एक वेगळे बटण दिलेले असते. त्या बटणाचा मार्ग मर्यादा-खटक्याला वळसा घालून जातो.

आपल्या गृहस्थाने हे वेगळे बटण दाबले आणि उजवा पाय सुरळीत वर आला! म्हणजे सोलेनॉइड चांगला, मोटरचे 'वर'चे वेटोळेही चांगले. उरले काय? नेहमीचे बटण, मर्यादा-खटका आणि त्याची तार. हा खटका पायापाशी, बोटीबाहेर बसतो आणि त्याची तार सतत पाण्याच्या माऱ्यात असते. पहिला संशय तिच्यावरच घ्यावा. तार तपासली, तेव्हा आवरण फाटलेले आणि आतील तांबे खाल्लेले आढळले. एकही भाग न सोडता, तीन बटणे दाबून दोष वितभर जागेत आणून ठेवला.

येथे एक मोह होतो. वेगळ्या बटणाने पाय वर येतोच आहे, तर तेच वापरत राहावे. जुन्या बोटीचे आधीचे मालक पुष्कळदा असेच करतात, किंवा खटक्याच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकतात. मग पाय किती वर गेला याला धरबंध राहत नाही. दोष दिसेनासा करणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

बारा व्होल्टांचे कोडे

आता डावा पाय. येथे 'टक्' आवाज येतो, म्हणजे बटणाचे छोटे मंडल काम करते. गृहस्थाने मोटरची निळी व काळी तार सोडवली, त्यांच्या टोकांना मल्टीमीटर लावला आणि मुलाला बटण दाबायला सांगितले. मीटरवर १२.६ व्होल्ट दिसले. "वीज तर पुरी येते आहे. म्हणजे मोटर जळाली," असे म्हणून त्याने नवी मोटर आणून बसवली. नवी मोटरही तशीच गुणगुणून गप्प बसली!

माझ्या वर्गातही मीटरवरचा आकडा पाहून मुले हीच चूक करतात. चूक कोठे झाली?

नळाचे उदाहरण घ्या. गल्लीतील पाइप मधेच गाळाने तुंबला आहे. तोटी बंद असताना तिच्यामागे दाबमापक लावला, तर तो टाकीचा पुरा दाब दाखवील, कारण पाणी वाहतच नाही. तोटी उघडली की दाब कोसळतो आणि धार करंगळीएवढी होते. अडथळा आहे की नाही, हे पाणी वाहू लागल्यावरच कळते.

विजेचेही तसेच आहे. जॉर्ज ओहम यांनी १८२७ साली मांडलेला नियम तुम्ही शिकला आहात: विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. समजा, एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध ०.१७५ ओहम आहे. अंकीय मल्टीमीटरचा स्वतःचा रोध साधारण एक कोटी ओहम असतो. मोटर सोडवून फक्त मीटर लावला, तर मंडलातून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो. त्याला ०.१७५ ने गुणा. जोडावर खर्च होणारे विभवांतर एका व्होल्टाच्या दशलक्षांशाहूनही कमी येते. मीटर खोटे बोलत नाही. ते बंद तोटीमागचा दाब सांगते, एवढेच.

आता त्याच जागी मोटर जोडा आणि ४० अँपिअर प्रवाह वाहू द्या. चाळीस गुणिले ०.१७५, म्हणजे ७ व्होल्ट! बारापैकी सात व्होल्ट एका जोडाने गिळले. मोटरने फिरावे कसे?

मग ओहममापक लावून तो रोधच का मोजू नये? कारण साध्या मीटरच्या दोन सुयांचा आणि त्यांच्या तारांचाच रोध काही दशांश ओहम असतो. त्यात आपला ०.१७५ ओहम हरवून जातो. म्हणून रोध मोजण्याऐवजी, प्रवाह वाहत असताना विभवांतर कोठे खर्च होते, हे मोजायचे. मोटर जोडलेलीच ठेवायची, मदतनिसाने बटण दोन-तीन सेकंदच दाबायचे आणि तेवढ्यात आकडा वाचायचा.

पहिले माप: बॅटरीच्या दोन अग्रांवर. १२.० व्होल्ट. बॅटरी चांगली. हा आकडा ९-१० पर्यंत कोसळता, तर बॅटरीवरच संशय आला असता.

दुसरे माप: बॅटरीच्या धन अग्रापासून मोटरच्या निळ्या तारेपर्यंत. फ्यूज आणि सोलेनॉइड धरून ०.५ व्होल्ट. ठीक.

तिसरे माप: मोटरच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या ऋण अग्रापर्यंत. ७.० व्होल्ट. हाच चोर!

चौथे माप: खुद्द मोटरवर. ४.५ व्होल्ट.

आता बेरीज करा: ०.५, ७.० आणि ४.५ मिळून १२.०. किरचॉफ यांचा दुसरा नियम सांगतो तो हिशोब बरोबर जुळला. एकही व्होल्ट बेपत्ता नाही, म्हणजे आपले मोजमाप विश्वासार्ह आहे. मीटरची सुई बॅटरीच्या शिशाच्या अग्रावर टेकवायची, त्याभोवतीच्या पकडीवर नव्हे. पुष्कळदा गंज त्या दोघांच्या मधेच असतो. जीपच्या चालकाचे टोले तेथेच बसले आणि पकड जराशी हलून धातूला धातू भिडला!

काळ्या तारेच्या टोकाची कडी उघडली, तेव्हा तिच्याखाली हिरवी पूड निघाली. टोक कापून नवी कडी बसवली, बूड घासून लख्ख केले. तिसरे माप ०.२ व्होल्टावर आले आणि पाय उचलला गेला. एका कडीने भागले असते, तेथे अख्खी मोटर विकत घेतली गेली होती.

आणखी एक हिशोब करा. ७ व्होल्ट गुणिले ४० अँपिअर म्हणजे २८० वॉट. एवढी उष्णता नखाएवढ्या जोडात निर्माण होत होती. बटण दाबून धरले असते, तर तारेचे आवरण वितळले असते. घरच्या २३० व्होल्टांत सात व्होल्ट कमी झाले तर आपल्या लक्षातही येत नाही. बारा व्होल्टांत मात्र तेवढ्यात निम्म्याहून अधिक भांडवल संपते. कमी विभवांतरावर जादा शक्ती हवी तर प्रवाह मोठा लागतो आणि मोठ्या प्रवाहाला प्रत्येक जोड कसोटीला लावतो.

जुळ्यांचा उपयोग

तिसऱ्या मापाचा आकडा किती असावा, हे ठाऊक नसेल तर? उजव्या पंपावर तेच माप घ्या. तेथे ०.२ आणि येथे ७.० आले की पुस्तक उघडायची गरज उरत नाही.

शंका सोलेनॉइडवर किंवा बटणाच्या जोडणीवर असेल, तर बॅटरीची तार सोडवून तो भाग डावीकडचा उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे लावून पाहा. दोष त्या भागाबरोबर पलीकडे गेला, तर भाग वाईट. दोष जागीच राहिला, तर भाग निर्दोष. मात्र एका वेळी एकच भाग बदलायचा. दोन बदलले आणि दोष गेला, तर कोणामुळे गेला हे कधीच कळणार नाही.

एक सावधगिरी हवी. दोन्ही बाजू त्याच खाऱ्या हवेत तितकीच वर्षे राहिलेल्या असतात. उजवी बाजू चालते आहे म्हणून ती निर्दोष आहे, असे गृहीत धरू नये. म्हणून तुलनेबरोबर बेरजेचा ताळाही पाहायचा.

खारे पाणी काय करते?

तारेच्या बारीक पेडांमध्ये केशनलिकांसारख्या फटी असतात. टोक उघडे राहिले, तर खारे पाणी त्यांतून आवरणाखाली दूरवर चढते आणि तांब्याचे हिरवे क्षार बनतात. हे क्षार विजेचे चांगले वाहक नसतात. म्हणून बोटींसाठी कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची तार वापरतात.

वीज असलेली तार पाण्यात उघडी पडली, तर नुकसान झपाट्याने होते. समुद्राचे पाणी हा विद्युतवाहक द्राव आहे. बॅटरीच्या धन अग्राशी जोडलेले तांबे तेथे धनाग्र बनते आणि त्याचे आयन पाण्यात निघून जातात. मायकेल फॅरडे यांनी सुमारे १८३३ मध्ये मांडलेल्या विद्युत-अपघटनाच्या नियमांप्रमाणे, जितका विद्युतभार वाहील त्या प्रमाणात धातू विरघळतो. उजव्या पायाच्या खटक्याची तार अशीच आतून संपली होती.

आधी हवा, मग वीज

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचून राहते. पंपही तेथेच असतो. बटण दाबण्याआधी किंवा तार सोडवण्याआधी झाकण उघडून, वास घेऊन, हवा काढणारा पंखा चालवावा लागतो. अमेरिकेतील पेट्रोलवरच्या अशा बोटींवर, इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे हा पंखा चालवा, अशी सूचना लावलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरने दोन अग्रे जोडून ठिणगी पाहण्याची मेकॅनिकांची सवय तेथे जिवावर बेतू शकते. ठिणगी बाहेर पडू न देणारे बोटीचे खास सुटे भाग असतात. त्यांच्या जागी मोटारगाडीचा स्वस्त भाग बसवणे, किंवा जळालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार अडकवणे, हेही तितकेच घातक. आणि उचललेल्या पायाखाली कोणीही उभे राहायचे नाही.

घरी करून पाहा

यासाठी बोट नको. दीड व्होल्टाचे दोन घट, जुन्या विजेरीतला अडीच व्होल्टांचा तंतूचा बल्ब, त्याचे होल्डर, दोन्ही टोकांना तासलेली मऊ शिशाची एक छोटी पेन्सिल आणि एक मल्टीमीटर घ्या. एलईडी दिवा येथे चालणार नाही. पेन्सिलीचे शिसे हा आपला 'गंजलेला जोड'. घट, पेन्सिल आणि होल्डर एकसर जोडा.

प्रथम बल्ब काढून ठेवा आणि होल्डरच्या दोन टोकांवर विभवांतर मोजा. जवळजवळ तीन व्होल्ट येतील, जणू पेन्सिल तेथे नाहीच! आता बल्ब बसवून पुन्हा मोजा. बल्ब मंद लागेल किंवा लागणारही नाही आणि आकडा कोसळलेला दिसेल. मग पेन्सिलीच्या दोन टोकांवर मोजा. हरवलेले व्होल्ट तेथे सापडतील. शेवटी बल्ब लावलेला असतानाच घटांच्या अग्रांवर मोजा आणि बेरीज जुळते का ते ताडून पाहा. पेन्सिल आखूड करत गेलात तर आकडे कसे बदलतात, याची नोंद वहीत करा. हा प्रयोग फक्त कोरड्या घटांवर करायचा. घरच्या विजेला हात लावायचा नाही.

पुढच्या वेळी कोणी म्हणाले, "मीटरवर बारा व्होल्ट आहेत, म्हणजे वीज ठीक आहे," तर त्याला नम्रपणे एकच विचारा: "माप घेताना प्रवाह वाहत होता का?"